निकिफोरच्या अंगणात थिजलेला गिअरबॉक्स

प्रोकोपी आर्गुनोवच्या मुलाची गाडी आता ऊबदार गॅरेजात झोपते. न्युर्गुन चहा पिता पिता फोनवर बोट ठेवतो आणि दोन गल्ल्या पलीकडे तिचे इंजिन आपोआप सुरू होते. गिअर बदलण्यासाठी तिच्यात हाताला काम नाही, पायालाही नाही. तरीही थंडी उणे पन्नासच्या खाली उतरली की ही नवी गाडीसुद्धा पहिल्या काही वळणांवर अडखळते. गिअर पडायला उशीर लागतो आणि मग एकदम हिसका बसतो. न्युर्गुन चिडतो. मागच्या सीटवर बसलेला, ऐंशीच्या घरात पोचलेला प्रोकोपी मात्र अशा वेळी प्रसन्न दिसतो.

"हसताय काय, बाबा?"

"हसत नाही रे. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं."

त्याच्या ओळखीचे ते माणूस म्हणजे गिअरबॉक्समधले थिजलेले तेल. आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षे प्रोकोपीने त्या तेलाची मर्जी सांभाळण्यात घालवली. तालुक्याच्या सिनेमा-खात्याची एक हिरवट व्हॅन त्याच्याकडे होती. पुढून-मागून सारखीच गोलसर, म्हणून सगळे तिला ‘पाव’ म्हणत. तिच्यात प्रोजेक्टर, फिल्मचे पत्र्याचे डबे आणि गुंडाळलेला पडदा घेऊन तो सायबेरियातल्या याना नदीच्या काठाकाठाने गावोगावी सिनेमे दाखवी. हिवाळ्यात काठाने जाण्याची गरज नसे. नदी हाच रस्ता होई.

इंजिन बंद करायचे नाही, हा त्या भागातल्या चालकाचा पहिला धडा. पण तो अर्धाच. इंजिन स्वतःची ऊब स्वतः राखते, गिअरबॉक्सला कुणीतरी ढवळत राहावे लागते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असावी आणि क्लच मोकळा सोडलेला असावा. म्हणजे आतली दातेरी चाके फिरत राहतात आणि तेल पातळ राहते. क्लच दाबून धरला की इंजिन आणि ती चाके यांची फारकत होते. मग वर इंजिन कितीही सुरेल चालो, खाली तेल आधी मधासारखे दाट होते आणि नंतर थिजलेल्या तुपासारखे घट्ट. तरी कधी बंद पडलेच तर गारठलेले इंजिन सुरू करताना हीच फारकत मुद्दाम करावी लागे, म्हणून प्रत्येक चालकाजवळ लार्च झाडाच्या लाकडाची एक काठी असे. तिचे एक टोक सीटच्या चौकटीला टेकवायचे, दुसरे क्लचच्या पेडलवर. इंजिनाने जीव धरला की काठी काढायची आणि पेडल हळूहळू सोडायचे. काठी काढायला विसरणाऱ्याची गावोगाव टिंगल होई.

प्रोकोपी काठी विसरणाऱ्यांतला नव्हता. त्या दिवशीही तो विसरला नव्हता, हे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण ती गोष्ट पुढे ज्यांनी ज्यांनी सांगितली त्या बहुतेकांनी त्याला विसराळू ठरवले आहे.

तो जानेवारीचा दिवस होता. उणे सत्तावन्न होते असे प्रोकोपी सांगतो. त्याच्या फेक्ला आत्याच्या सांगण्यात ते दरवर्षी थोडे उतरत जाऊन एकसष्टवर थांबले. निकिफोरच्या घरी थर्मामीटर नव्हता, तेव्हा दोन्ही आकडे बाजूला ठेवलेले बरे. सोडलेला श्वास गोठून कानाशी सळसळत होता, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे.

प्रोकोपी आणि आत्या, संध्याकाळच्या खेळासाठी गावाला जाता जाता, मागणी घालायला निघाले होते. निकिफोर सामूहिक शेतीच्या घोड्यांचा राखणदार. गावाच्या अलीकडे, नदीकाठी, कुंपणातल्या घोड्यांसोबत तो आणि त्याची मुलगी स्तेपानिदा राहत. बायको मागेच गेली होती. स्तेपानिदा गावातल्या प्रत्येक खेळाला येई आणि प्रोजेक्टरजवळ बसे, कारण तिथे ऊब असे. निदान सुरुवातीला तरी तेच कारण होते. पुढे ती संपलेली रिळे उलटी गुंडाळून देऊ लागली. घोड्यांची औषधे आणायला दोनदा पावातून तालुक्यालाही गेली होती, आणि कुठल्या आवाजाचा काय अर्थ ते विचारून विचारून तिने प्रोकोपीला भंडावून सोडले होते. लग्न करायचे हे दोघांचे ठरले होते. निकिफोरचे ठरले नव्हते. शरद ऋतूत आत्या एकदा नकार घेऊन परतली होती.

"दुसऱ्यांदा जाईन," तिने बजावले होते, "तिसऱ्यांदा नाही. मलाही तोंड आहे. या खेपेला नाही म्हणाला तर तू दुसरी पोरगी बघ, नाहीतर त्या प्रोजेक्टरशी लगीन लाव."

तेव्हा जे व्हायचे ते त्या एका दिवसात व्हायचे होते.

पंचाईत अशी होती की पाव त्या हिवाळ्यात खोकत होता. गिअरबॉक्समधले एक बेअरिंग झिजले होते. गाडी उभी असली, क्लच सोडलेला असला की आतून कुटकुट, खरखर असा आवाज येई. पेडल दाबले की आवाज गप्प. नवे बेअरिंग तालुक्याहून यायचे होते आणि येत नव्हते. निकिफोरचा यंत्रांवर राग आहे हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होते, आणि त्याच्या दारात आपली गाडी क्षयरोग्यासारखी खोकत उभी राहावी हे प्रोकोपीच्या जिवाला लागले. अंगणात गाडी उभी करताच त्याने काठी काढली आणि पेडलवर रोवली. खोकला थांबला. इंजिन मांजरासारखे गुरगुरू लागले.

"काय करतोयस?" आत्याने विचारले.

"गप्प करतोय तिला. एक चहा होईपर्यंत काही होत नाही."

"एक चहा?" आत्या शालीची गाठ मारत म्हणाली. "नीट ऐक. आत गेलो की त्याचं उत्तर येईपर्यंत बूड हलवायचं नाही. मागणी घालणाऱ्यानं मध्येच दार उघडलं की घरातली ऊब जाते आणि दिलेला शब्दही तिच्याबरोबर जातो."

"आणि लघवीला लागली तर?"

"ती आत्ताच उरकून घे."

असा रिवाज त्या खोऱ्यात दुसऱ्या कुणी पाळल्याचे आढळत नाही. तो बहुधा आत्याचा स्वतःचा असावा. पण त्या क्षणी प्रोकोपीला तो कायद्यासारखा वाटला आणि तो आत जाऊन बसला.

चहा एक झाला नाही. आधी दुधाचा चहा, मग गोठलेल्या माशाचे पातळ कापे, मग शिंगराचे उकडलेले मांस, मग पुन्हा पुन्हा चहा. निकिफोर पाहुणचारात कसूर करणारा नव्हता. नकार द्यायचा असला तर तो जास्तच वाढी. मूळ विषयाकडे मात्र कुणी वळेना.

"माझे घोडे बाहेर उभे आहेत," निकिफोर म्हणाला. "कुणी त्यांना गोधडी घालतं का?"

"नाही, काका."

"बर्फ उकरून आपलं आपण खातात. तुझ्या पावाला मात्र रात्रंदिवस भरवावं लागतं."

"घोडा सिनेमा दाखवत नाही, निकिफोर," आत्या म्हणाली.

"म्हणून तर मी त्याला शहाणा म्हणतो."

प्रोकोपी हसला, पण त्याचे कान खिडकीकडे होते. इंजिन छान चालले होते आणि तेच त्याला छळत होते. त्या सुरेल आवाजाखाली काय चालले असेल ते त्याला दिसत होते: तेल दाटत असेल, चाकांच्या दातांत बसत असेल. उठावे तर आत्याचा कायदा मोडतो. बसावे तर गाडी जाते. अखेर स्तेपानिदा चुलीवरच्या हंड्यात बर्फाची लादी टाकायला वळली तेव्हा त्याने तिची नजर पकडली आणि डाव्या पायाने जमीन दाबून दाखवली. पुन्हा दाबली: पेडलवरची काठी काढ. तिने पापण्या मिटून उघडल्या, टोपली उचलली आणि बर्फ आणायला बाहेर गेली. परत आली तेव्हा तिने मान हलवली. प्रोकोपीचा जीव भांड्यात पडला. मांसाची चव त्याला तेव्हा प्रथम लागली.

मग आत्याने शब्द टाकला. रीतसर, लांबलचक, पोराच्या घराण्यापासून त्याच्या दातांपर्यंत सगळे सांगत. निकिफोरने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"पोरगा वाईट नाही," तो म्हणाला. "पण सेम्योन माझा धाकटा भाऊ होता. तोही वाईट नव्हता. ट्रक चालवायचा. इथून थोडं पुढे, नदीच्या वळणावर त्याचा ट्रक अडला. उजेड दिसला म्हणून चालत निघाला. उजेड कसला, तारा होता. ट्रकपासून हाकेच्या अंतरावर सापडला." त्याने कप पालथा घातला. "यंत्रावर जीव टाकणाऱ्याला मी माझी पोर देणार नाही. तुझं वाईट चिंतत नाही, बाळा. जा, सिनेमा दाखव. लोक वाट बघत असतील."

आत्याने निमूट शाल गुंडाळली. चौघेही बाहेर आले, कारण पाहुण्याला गाडीपर्यंत पोचवणे नकारानंतरही चुकत नाही.

प्रोकोपीने दार उघडले. काठी जागच्या जागी होती.

त्याने स्तेपानिदाकडे पाहिले. ती कुंपणापाशी उभी राहून घोड्यांच्या आयाळींवर जमलेले दव-बर्फ मोठ्या आस्थेने न्याहाळत होती.

पेडलवर पाय देऊन त्याने काठी काढली आणि पाय अगदी केसभर उचलला. इंजिन गुदमरले. त्याने घाईने पुन्हा दाबले. गिअरचा दांडा हलवून पाहिला. तो सिमेंटात रोवलेल्या खांबासारखा उभा होता.

"काय झालं?" आत्याने विचारले.

"थिजला."

"कोण?"

"गिअरबॉक्स. मी काठी लावून ठेवली होती."

"अरे, पण का?" आत्याचा आवाज चढला. "माझ्या डोळ्यांदेखत लावलीस, एक चहा म्हणालास..."

"चार झाले, आत्या."

निकिफोर जवळ आला. त्यालाही कारण हवे होते. प्रोकोपीने थंडीवर ढकलले असते तर चालले असते, झिजलेल्या बेअरिंगवरही ढकलता आले असते. बाहेर जाऊन आलेल्या मुलीने मान हलवली होती, हे सांगता आले असते. त्याने त्यातले काहीच सांगितले नाही.

"खोकत होती, काका. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून पेडल दाबून ठेवलं."

निकिफोरने टोपीचे कान वर केले. "तू लांब नदीवर होतास तेव्हाच मला तिचा खोकला ऐकू आला. असल्या थंडीत आवाज लपतो होय?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती प्रोकोपीलाही फार उशिरा कळली. बऱ्याच वर्षांनी, गवत कापणीच्या दिवसांत, डासांसाठी केलेल्या धुरात बसून स्तेपानिदाने ती त्याला सांगितली. काठी तिने पाहिली होती. काढली असती तर तू नकार ऐकून सरळ निघून गेला असतास, ती म्हणाली. बाबांना तुझ्याजवळ बसायला वेळच मिळाला नसता.

"आणि गिअरचे दात तुटले असते तर?"

"तर बाबा तुला घोड्यावरून पोचवायला आले असते. तेवढ्या वाटेत बोलणं झालंच असतं."

हे खरे, की सुखाच्या संसारात मागाहून सुचलेले, ते ठरवता येत नाही. पायाची खूण तिला मुळात कळलीच नव्हती, असाही अर्थ निघतो. स्तेपानिदा आता नाही, त्यामुळे प्रश्न तसाच राहणार. प्रोकोपी दुसरा अर्थ ऐकूनही घेत नाही.

अंगणात मात्र त्या दिवशी वाद घालायला वेळ नव्हता. दिवस लहान होता. इंजिन चालू ठेवून, पेडल पुन्हा काठीने दाबून, खालून गिअरबॉक्स तापवायचा एवढाच मार्ग होता. निकिफोर घरात गेला आणि चुलीतले निखारे पत्र्याच्या घमेल्यात भरून घेऊन आला. स्तेपानिदाने खोगिराखाली घालायचे जाड लोकरी नमदे आणले आणि ऊब पळू नये म्हणून ते गाडीच्या चारी बाजूंनी लोंबते बांधले. आत्या दर थोड्या वेळाने दारात येऊन, काम कसे चुकीचे चालले आहे ते सांगून आत जाई.

प्रोकोपी नमद्यांच्या आत पालथा शिरला. घमेले नेमके ठेवायचे, पेट्रोलच्या नळीपासून लांब, आणि सरकवत राहायचे. हे काम उरकता येत नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूचे नमदे उचलले गेले आणि निकिफोर नवे निखारे घेऊन आत सरकला. दोघे निखाऱ्यांच्या दोन बाजूंना पोटावर पडून राहिले. वर इंजिन घुमत होते. खाली चुलीपुढे बसल्यासारखे वाटत होते.

"ठोकून सैल होत नाही का?" निकिफोरने विचारले.

"होतं. मग दात तुटतात."

"हं." त्याने एक निखारा फुंकला. "असा वाटेत अडलास तर?"

"गाडी सोडणार नाही."

"पेट्रोल संपलं?"

"जादा चाक जाळीन. मग सीटा. मग तळाच्या फळ्या."

"मग?"

"मग फिल्म."

निकिफोरने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. "सरकारची?"

"सरकारचीच."

"तुरुंगात घालतील."

"तुरुंगात शेगडी असते, काका."

त्या काळातली फिल्म खरे तर धडपणे पेटत नसे. ती वितळून धूर करी आणि तिच्यावर हातसुद्धा शेकता आले नसते. प्रोकोपीला हे पक्के माहीत होते. निकिफोरला नव्हते, आणि प्रोकोपीने ते सांगितले नाही.

निकिफोर हसला नाही. त्याने काटकीने एक निखारा ढकलला. "सेम्योनच्या ट्रकमध्ये खुर्च्या होत्या," तो म्हणाला. "शाळेच्या. नव्याकोऱ्या, लाकडाच्या, वरपर्यंत रचलेल्या. काडेपेटी खिशात होती. मी स्वतः मोजल्या त्या. एकही मोडली नव्हती त्यानं. पोरांच्या खुर्च्या, सरकारचा माल, कसा हात लावायचा म्हणून उठून चालत निघाला." थोडे थांबून तो म्हणाला, "त्याच खुर्च्यांवर स्तेपानिदा शिकली."

प्रोकोपीने घमेले थोडे पुढे सरकवले. वरच्या लोखंडातून तेलाचा एक थेंब सुटला आणि निखाऱ्यावर पडून चरचरला.

"झालं का?" निकिफोरने विचारले.

"होत आलं."

उजेड निळसर होत चालला तेव्हा प्रोकोपी चालकाच्या जागेवर बसला. काठी काढली. पाय उचलला, थांबला, पुन्हा उचलला, तान्ह्याच्या मानेखालचा हात काढावा तसा. इंजिन कण्हले, खोल गेले, आता जाते असे वाटले आणि सावरले. खाली काहीतरी जड फिरू लागले. मग खोकला सुरू झाला, चांगला खणखणीत, आणि कुंपणातल्या घोड्यांनी माना वर केल्या. मागच्या चाकांच्या आसातले तेलही निखाऱ्यांनी शेकून झाले. दांडा कुरकुरत पहिल्या गिअरमध्ये गेला.

"निघतो, काका," प्रोकोपी म्हणाला. नकार मिळालाच होता. पुन्हा विचारणे रीतीला धरून नव्हते.

निकिफोर हलेना. "गाव लांब नाही," तो म्हणाला. "मीही येतो. बऱ्याच दिवसांत सिनेमा पाहिला नाही."

"बऱ्याच दिवसांत?" आत्या म्हणाली. "जन्मात एक तरी पाहिलायस का?"

"मग आज पाहीन. स्तेपानिदा, बस मागे. फेक्ला, तूही. माणसाच्या आधी तोंड बसवू नकोस."

सेम्योन गेल्यापासून निकिफोर कुठल्याही गाडीत बसला नव्हता. तो पुढच्या सीटवर चढला आणि समोरची लोखंडी मूठ त्याने लगामासारखी दोन्ही हातांनी धरली. पाव खोकत खोकत नदीवर उतरला. सेम्योनचे वळण आले तेव्हा निकिफोर म्हणाला, "थांबव."

प्रोकोपीने गाडी थांबवली. दांडा न्यूट्रलमध्ये घेतला, पाय पेडलवरून पूर्ण काढला आणि जागेवरच बसून राहिला. त्याने उतरायचे नाही, हे दोघांनाही न सांगता कळले. निकिफोर उतरला. कोटाच्या आतून त्याने पुरीएवढे एक घावन काढले, त्याचे तुकडे करून बर्फावर ठेवले आणि उघड्या डोक्याने उभा राहिला. तो काय पुटपुटला ते गाडीच्या आवाजात कुणालाच ऐकू आले नाही. मागे फिल्मच्या डब्यांवर बसलेली स्तेपानिदा पुढच्या दारातून त्याच्याकडे पाहत होती. दार उघडेच राहिले होते आणि आतली ऊब धुक्याच्या लोटांनी बाहेर जात होती.

तो परत आला, टोपी घातली, चढून बसला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"ते दार ओढ," तो प्रोकोपीला म्हणाला. "ती लवकर गारठते. लहानपणापासूनच. आजवर तो घोर मला होता, आता तुला."

प्रोकोपीने त्याच्यावरून वाकून दार ओढले.